त्रेसष्ट चाव्या आणि एक येणारी गाडी

मोरबाव विट्यापासून बारा किलोमीटरवर आहे. गावातली माणसं मात्र त्याहून बरीच लांब आहेत. सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचा धंदा, ज्याला आमच्याकडं नुसतं 'गलाई' म्हणतात, तो करायला इथले पुरुष तीन पिढ्यांपासून देशभर पांगले. तिकडं दहा बाय बाराच्या खोलीत भट्टीशेजारी झोपून त्यांनी इकडं तीन-तीन मजली बंगले बांधले. बंगल्यात राहायला मात्र कुणाला सवड झाली नाही. चैत्रातल्या यात्रेला दहा दिवस सगळे येतात, गॅलऱ्यांवर दिव्यांच्या माळा लागतात, पोरं मावळतीपर्यंत गच्चीवर ओरडतात. अकराव्या दिवशी कुलपं लागतात आणि उरलेलं वर्षभर त्या कुलपांच्या चाव्या कृष्णात मुळीककडे असतात.

चाव्या त्रेसष्ट. कृष्णातच्या घरात एका फळीवर खिळे मारून त्या लावलेल्या आहेत. खिळ्याखाली घरमालकाचं नाव नाही, गावाचं आहे. हुबळी, दावणगेरे, सेलम, गुवाहाटी, लुधियाना. एकाच शहरात दोन भाऊ असले की 'कोइमतूर थोरलं' आणि 'कोइमतूर धाकटं'. मी विट्याच्या कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवला, पण भारताचा इतका खात्रीलायक नकाशा मला वर्गात कधी टांगता आला नाही.

कृष्णातचं काम असं. सकाळी सातला निघायचं, दिवसाला दहा घरं घ्यायची. दारं-खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, गच्चीवरचा पाला काढायचा. आणि मालकानं यात्रेत मिरवायला घेऊन ठेवलेली जी काही गाडी पोर्चमध्ये असेल ती सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवायची, बॅटरी मरू नये म्हणून. गाडी हलवायची नाही, असा करार होता. तो कुणी बोलून दाखवला नव्हता, पण यात्रेला आल्या आल्या काहीजण आधी किलोमीटरचा आकडा बघत आणि मग कृष्णातची तब्येत विचारत. त्यामुळं तालुक्यात सगळ्यांत जास्त गाड्या सुरू केलेला आणि सगळ्यांत कमी चालवलेला माणूस म्हणून कृष्णातचं नाव घ्यायला हरकत नाही. डबल स्टँडवर उभ्या गाडीवर बसून तो पुढं बघायचा. पुढं बहुतेक वेळा भिंत असायची.

सोळाव्या वर्षी त्यालाही गलाईला पाठवलं होतं. ॲसिडच्या धुरानं छाती धरली, दोन महिन्यांत परत आला. नंतर लग्नाचं वय झालं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं की मुलगा असतो कुठं. त्याची आई, रंगूबाई, खरं बोलणारी बाई होती. ती म्हणाली, हितंच असतो. स्थळ तिथंच थांबलं. पुढची चार-पाच स्थळंही त्याच एका शब्दावर थांबली. रंगूबाई तीन वर्षांपूर्वी गेली. आता कृष्णात चव्वेचाळीसचा आहे, आणि सकाळचा चहा शेजारच्या मनुबाईंकडं घेतो, कारण एकट्यासाठी चहा टाकला की तो हमखास दोन कप होतो, असं त्याचं म्हणणं.

त्या गाडीची गोष्ट दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. एका कंपनीची नवी मोटारसायकल येणार होती. लांबच्या प्रवासाची, घाट, ओढे, खडी असं काहीही चालणारी. 'येणार' एवढंच नक्की होतं. कुणीतरी चोरून काढलेला एक फोटो मोबाइलवर फिरत होता. त्यात काळ्या-पांढऱ्या चट्ट्यापट्ट्यांनी झाकलेली एक उंच गाडी आणि तिच्यामागं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. देशभरातले जाणकार त्या फोटोत इंजिन शोधत होते. कृष्णातनं ट्रॉल्या बघितल्या. म्हणाला, "सर, ही ट्रॉली कराडकडची हाय. आपल्या बाजूलाच फिरवायला लागल्यात." गाडी आपल्या रस्त्यावर तयार होतेय म्हणजे ती आपल्यासाठीच तयार होतेय, असा त्यानं त्यातून अर्थ काढला. माणसानं याहून कमी पुराव्यावर मोठमोठ्या गोष्टींवर विश्वास ठेवलेला आहे.

मग त्याचा अभ्यास सुरू झाला. या गाडीकडून काय अपेक्षा ठेवायची, हे तो मला दर आठवड्याला सांगायचा, आणि अपेक्षा दर आठवड्याला थोडी बदललेली असायची. पुढचं चाक एकवीस इंची, तारांचं, तरी ट्यूबलेस. टाकी वीस लिटरची, म्हणजे एका दमात पाचशे किलोमीटर. मागच्या चाकाचं एबीएस बटणानं बंद करता येणार, कारण खडीवर ते नडतं. समोर गोल पडदा, त्यावर रस्त्याचा नकाशा. सामान लावायला दोन्ही बाजूंना सोय. डबल स्टँड मात्र गाडीबरोबर मिळणार नव्हता, वेगळा घ्यावा लागणार होता. या बातमीचा त्याला धक्का बसला. उभी करून चालू ठेवता येत नाही अशी गाडी त्याच्या कल्पनेत बसत नव्हती. दोन दिवसांनी म्हणाला, "बरोबर हाय त्यांचं. ही उभी करायची गाडीच न्हाई."

एकच अडचण होती, सीटची उंची. आठशे पंचेचाळीस मिलिमीटर. कृष्णात पाच फूट चार इंच. त्यानं टेप घेऊन गावातले कठडे मोजले. बरोबर तेवढा कठडा निघाला लालासाहेब हसब्यांच्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर, संगमरवरी. हा बंगला गावातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत रिकामा. लालासाहेब सेलमला असतात, म्हणजे तमिळ मुलखात. बंगला बांधून अकरा वर्षं झाली, पण त्या अकरा वर्षांत ते यात्रेलाही आले नाहीत. चावी कुरिअरनं आली होती. तर त्या घरातल्या त्या कठड्यावर कृष्णात दोन पाय दोन बाजूंना टाकून बसायचा आणि पायाची बोटं टेकतात का बघायचा. एकदा मी त्याला शोधत तिथं गेलो तेव्हा तो तसा बसलेला होता. खाली रिकामा हॉल, झुंबराला गुंडाळलेलं पोतं, आणि वर कठड्यावर हा माणूस, दोन्ही हात हवेत पुढं धरून. मला बघून खाली उतरला नाही. म्हणाला, "चवडं टेकत्यात. टाचा न्हाईत टेकत."

एवढ्या गाडीवरून जायचं कुठं, हे त्याचं ठरलेलं होतं. त्या फळीवरच्या गावांना. दर यात्रेत निरोप घेताना प्रत्येकजण त्याच्या हातात चावी ठेवतो आणि म्हणतो, ये की एकदा तिकडं. सेलम सोडून बासष्ट घरांनी, पंचवीस वर्षं. या वाक्यांकडं बाकीचं जग ज्या नजरेनं बघतं तसं कृष्णातनं कधी बघितलंच नाही. त्याच्या लेखी ती आमंत्रणं होती आणि तो येणं लागत होता. त्याला एकदा कुणाकडं तरी पाहुणा म्हणून जायचं होतं. आयुष्यभर तो ज्या घरात गेला ते घर त्यानंच उघडलं होतं. आतून कुणी दार उघडलं आणि ये म्हणालं, हे त्याच्या बाबतीत मनुबाईंच्या चहाशिवाय घडलेलं नव्हतं, आणि मनुबाईंचं दार उघडंच असतं.

गाडी आधी दिवाळीला येणार होती. मग नव्या वर्षात. मग कंपनीनं 'लवकरच' असं जाहीर केलं, जे कृष्णातच्या मते तारखेपेक्षा बरं होतं, कारण तारीख हुकते. मनुबाई विचारायच्या, "आली का रं तुजी गाडी?" तो म्हणायचा, यायचीय. त्या म्हणायच्या, "माझा ल्योक पण यायचाय. चा घे." त्यांचा लेक इंदूरला असतो.

शेवटी माघात नोंदणी सुरू झाली. सांगलीच्या दुकानात कृष्णातचा नंबर तिसरा लागला. पगाराचे पैसे खर्चायला त्याला दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळं तो प्रश्न उभा राहिला नाही. दुकानदारानं सांगितलं की गाडी पाडव्यानंतर मिळेल. त्या दिवशी घरी येऊन त्यानं फळीसमोर बसून सगळ्यांना फोन लावायला सुरुवात केली. यात्रा झाली की निघतोय, तुमच्याकडं एक रात मुक्काम करीन, असं सांगायला. सेलमचा फोन तेवढा लागला नाही.

एकानंही नको म्हटलं नाही. हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. सगळे म्हणाले, ये की, आणि सगळ्यांनी लगेच पुढं एकच प्रश्न विचारला, की मग चाव्या कुणाकडं ठेवणार. कोइमतूर थोरलं यांनी विचारलं, कोइमतूर धाकटं यांनी विचारलं. ज्यांच्या घरात काही नाही त्यांनीही विचारलं. साईराज निकम, हुबळीचा, तिशीतला, यात्रेत कृष्णातच्या गळ्यात हात टाकून फोटो काढणारा, तो जरा जास्त वेळ बोलला. गाडीची सगळी माहिती विचारून घेतली. मग म्हणाला, "गड्या, तू गेल्यावर माझ्या गाडीची बॅटरी उतरंल की."

कृष्णातनं माणूस शोधला. मनुबाईंचे गुडघे. पोलीसपाटलांचं शेत. मग तो माझ्याकडं आला. मी सेवानिवृत्त, एकटा, धडधाकट, सकाळी दोन तास उगाच फिरणारा माणूस. मी जिने चढण्याबद्दल डॉक्टरांचं मत सांगितलं. डॉक्टरांनी असं मत दिलेलं नव्हतं, पण विचारलं असतं तर दिलं असतं. त्यानं मान हलवली आणि जाताना माझ्या पायरीची सुटलेली फरशी बसवून दिली.

गाडी आली ती यात्रेच्या आदल्या आठवड्यात. सांगलीहून तो ती चालवत आणताना पलूसच्या पुढं पाऊण तास थांबला होता, असं नंतर कळलं. का, तर गावात पोचलं की उतरावं लागेल म्हणून. गाडी बरीचशी अपेक्षेप्रमाणं होती. चाक एकवीसचं. टाकी मात्र सतरा लिटरची निघाली. सीट दहा मिलिमीटर वाढली होती. इंजिनची धग उजव्या पोटरीला लागायची, हे कुठल्याच जाणकारानं सांगितलं नव्हतं. रंग त्याला मातकट हवा होता, मिळाला पांढरा. त्याला तक्रार नव्हती. तो म्हणाला की दोन वर्षं ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदा भेटलो की थोडं इकडंतिकडं निघतंच.

मग यात्रेकरू आले. गाड्यांच्या रांगा लागल्या आणि प्रत्येकजण आपापली चावी घेऊन गेला. सातव्या दिवशी सकाळी कृष्णातनं फळीकडं बघितलं तर बासष्ट खिळे रिकामे. फक्त सेलमची चावी लटकत होती. आणि त्याच्या लक्षात आलं की वर्षातले हेच दहा दिवस असे आहेत की त्याची गावात कुणाला गरज नाही.

मी त्याला म्हटलं की अरे, ज्यांच्याकडं जायचं ते सगळे इथं आलेत, तिकडं जाऊन भेटणार कुणाला. तो पाठीमागच्या बॅगेचा पट्टा आवळत होता. म्हणाला, "मानसं बघितल्यात की सर. त्यांची गावं बघायची हायत." मग सेलमची चावी त्यानं शर्टाच्या आतल्या खिशात टाकली, कारण गाव सोडताना चावी घरात ठेवणं त्याला बेजबाबदारपणाचं वाटलं. पालखी देवळातून निघाली, हलगी वाजायला लागली, सगळं गाव त्या बाजूला वळलं, आणि हा उलट्या बाजूनं निघाला. त्याला जाताना मी आणि मनुबाईंनी बघितलं. मनुबाईंनी हात केला. त्यानं आरशात बघितलं असावं. पडद्यावरचा नकाशा बघत असेल तर नसावंही.

पुढचं मला फोनवर कळत गेलं. तो रोज संध्याकाळी मला फोन करायचा, कारण यात्रेच्या गोंगाटात दुसरं कुणी उचलत नव्हतं.

पहिल्या दिवशी हुबळी. सराफकट्ट्यात साईराजचं दुकान त्यानं शोधून काढलं. शटर खाली. त्यानं गाडी समोर लावली, हेल्मेट काढलं, पाटी वाचली आणि मग सवयीनं, पंचवीस वर्षांच्या सवयीनं, कुलूप ओढून बघितलं. मग दुसरं ओढून बघितलं. शेजारचा चांदीवाला बाहेर आला आणि त्याला दंडाला धरलं. सराफकट्ट्यात बंद दुकानाची कुलपं एकेक करून ओढणाऱ्या माणसाविषयी कुणाचंही जे मत होईल ते त्याचं झालं. कृष्णातला कानडी येत नव्हती. त्यानं मोबाइलमधला यात्रेतला फोटो दाखवला, साईराजचा हात गळ्यात असलेला. मग साईराजला फोन लागला. मागं बँजो वाजत होता. साईराज चांदीवाल्याशी कानडीत बोलला, चांदीवाल्यानं दंड सोडला, चहा मागवला, पाठीवर थाप मारली.

"काय सांगितलं रे त्यानं?" मी विचारलं.

चहा चांगला होता, एवढंच कृष्णातनं आधी सांगितलं. मग म्हणाला, "कानडीच होतं समदं. मधी एक शब्द कळला. वॉचमन."

त्यानंतर त्यानं गाडीचं सांगितलं. नव्वदच्या वर हँडल थोडं थरथरतं. लिटरला सत्तावीस पडतंय. तो लॉजवर राहिला होता. खोलीचं दार त्याला उघडायलाच येईना, कारण तिथं चावीऐवजी कार्ड दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दावणगेरेचं दुकान त्यानं रस्त्याच्या पलीकडून बघितलं. शटर खाली. कुलूप ओढलं नाही. तुमकूरला तर तो थांबलाच नाही, नुसता गल्लीतून गाडी हळू नेली. त्या संध्याकाळी फोनवर त्यानं मला विचारलं की आज यात्रेत काय झालं. मी सांगितलं की कुस्त्या झाल्या. कोण कोण होतं, विचारलं. मी नावं सांगत गेलो आणि तो प्रत्येक नावाला 'व्हय' म्हणत गेला. घरी असता तर यातल्या प्रत्येकाला तो आज भेटला असता. साडेपाचशे किलोमीटर येऊन तो त्यांची बंद दारं बघत होता, आणि ती तर त्यानं गावात कायमच बघितलेली होती.

मी म्हटलं, परत ये. तो म्हणाला, "एक दुकान उघडं असंल सर. ज्याची चावी माझ्याकडं हाय, त्यो तिथंच असणार."

भूगोलाच्या मास्तराला हे सुचलं नव्हतं.

सेलमच्या जुन्या बाजारात त्यानं अकरा वर्षांपूर्वीच्या कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता दाखवला. त्या पत्त्यावर मोबाइलची कव्हरं विकत होते. कव्हरवाल्यानं 'मराठी?' म्हणून विचारलं आणि मागच्या बोळाकडं बोट केलं. बोळात एक गाळ्याएवढं दुकान, पाटी तमिळ, आत भट्टी. भट्टीपुढं बनियनवर एक साठीचा माणूस सोनं वितळवायची मूस चिमट्यात धरून बसलेला. गल्ल्यावर कुणी दुसराच, तिथला मालक. म्हणजे लालासाहेब हसब्यांचं दुकान नव्हतंच. कधीच गेलं होतं. गावातल्या सगळ्यांत मोठ्या बंगल्याचा धनी दुसऱ्याच्या भट्टीवर रोजानं काम करत होता, आणि म्हणून यात्रेतसुद्धा तिथं होता. दुसऱ्याच्या भट्टीला मोरबावच्या यात्रेची सुट्टी नसते.

दारात हेल्मेट घातलेला माणूस बघून लालासाहेबांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं. कृष्णातनं हेल्मेट काढलं.

"मोरबावचा मी. कृष्णात. रंगूबाईचा."

लालासाहेबांनी मूस खाली ठेवली. उठले नाहीत. "घराला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कायबी न्हाई झालं."

"मग?"

"पाव्हना म्हनून आलोय."

लालासाहेबांनी गल्ल्याकडं बघितलं. मग मालकापाशी जाऊन हळू आवाजात अर्धा दिवस मागून घेतला. कृष्णात मला म्हणाला की तेवढा वेळ तो मुद्दाम बाहेर येऊन गाडीची साखळी बघत बसला.

लालासाहेबांची खोली त्याच बोळात वर होती. खुर्ची एक. ती त्यांनी कृष्णातला दिली आणि स्वतः कांदा चिरायला बसले. नळ ठिबकत होता. कृष्णात तो आवळायला उठला. थोड्या वेळानं खिडकीची कडी नीट लावायला उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा लालासाहेब म्हणाले, "बस की खाली. पाव्हना हायस न्हवं?" मग तो बसला. ताट पुढ्यात येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसणं हे गाडी चालवण्यापेक्षा अवघड गेलं, असं त्याचं मत आहे. आमटी, भात, तळलेली मिरची. ताटही धुऊ दिलं नाही.

जेवल्यावर लालासाहेबांनी घर विचारलं. सबंध घर, एकेक खोली. जोत्यापासून गच्चीपर्यंत ते घर त्यांनी फोनवरून बांधून घेतलं होतं. स्वयंपाकघरात ऊन कुठून येतं, जिन्याचा लाकडी कठडा हलतो का, झुंबर लागलं का. कृष्णातनं सांगितलं की सकाळचं ऊन देवघरात येतं, लागलीच स्वयंपाकघरात. जिना ठणठणीत. झुंबराला पोतं बांधलंय, चिमण्या बसतात म्हणून. आणि मग, पाहुण्यानं खरं बोलावं असं वाटून, त्यानं वरच्या मजल्यावरच्या कठड्याचंही सांगून टाकलं, की दोन वर्षं मी त्याच्यावर दोन्हीकडं पाय टाकून बसत होतो.

लालासाहेबांनी विचारलं, "पोचत्यात का पाय?"

"चवडं पोचत्यात."

लालासाहेब हसले. ते बराच वेळ हसत होते आणि शेवटी शेवटी ते हसणं नुसतं खांद्यातच राहिलं होतं. कृष्णातनं खिशातून चावी काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. स्वतःच्या घराची चावी ते पहिल्यांदाच बघत होते, कारण सेलमच्या कुलूपवाल्यानं कुलपासकट ती, दुकानाचा पत्ता घालून, परस्पर कुरिअरला दिली होती.

"असू दे माझ्याकडं," ते म्हणाले. "गावाकडनं कायतरी आलंय म्हनायला."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "गावात सांग तू. दुकान गेल्याचं. मला तोंडानं सांगायला कवा जमलंच न्हाई. आन् दोन दिस ऱ्हा."

कृष्णातनं मनात हिशेब केला. दोन दिवस राहिलं तर तो पोचायच्या आधी यात्रा संपणार, माणसं निघणार. बासष्ट चाव्या. त्यानं मला फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला की राहतोय. मी विचारलं, लोकांना काय सांगू? तो म्हणाला, काय सांगू नका, त्यांच्याकडं माझा नंबर हाय. मग त्यानं सांगितलं की संध्याकाळी लालासाहेबांना मागं बसवून गावाबाहेरच्या डोंगराकडं नेणार आहे. मागची सीट बसायला बरी आहे, हेही कुठल्या जाणकारानं लिहिलं नव्हतं, कारण ते सगळे एकटेच गेले होते.

अकराव्या दिवशी सकाळी कृष्णातच्या घरासमोर गर्दी झाली. दाराला कुलूप. बॅगा भरलेल्या, गाड्या सुरू, पोरं आत बसलेली, आणि ज्याच्या-त्याच्या हातात आपापली चावी. इतके बंगले आणि इतकी कर्तबगार माणसं, पण एवढीशी किल्ली ठेवायला त्यांना जागा सुचेना. दोघांनी ती फटीतून आत टाकायचा प्रयत्न केला. फट लहान होती, दार कृष्णातनं स्वतः बसवलेलं. मग साईराज माझ्या अंगणात आला. मला जिन्यांचा त्रास आहे हे त्याला कळलं होतं. त्यानं तिथूनच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"कृष्णात, कुठं हायस रं? गाडी लागलीय, पोरं बसल्यात. चावी कुणाकडं दिऊ?"

"घिऊन जा."

"कुठं घिऊन जा?"

"हुबळीला. मी यीन तिकडं, तवा घेतो."

साईराजनं माझ्याकडं बघितलं. मी अबोलीच्या झाडाकडं बघितलं.

"अरं, पर तू हितं..." साईराज म्हणाला आणि थांबला. चांदीवाल्याला सांगितलेला तो शब्द त्याला आठवला असेल-नसेल, मला सांगता यायचं नाही. त्यानं हातातली चावी बघितली. मग फोन थोडा तोंडाजवळ घेतला.

"कवा यील?"

"उद्या निघतोय सेलममधनं. परवा दुपारी. शटर उघडं ठेव."

"जेवायलाच ये मग," साईराज म्हणाला आणि चावी वरच्या खिशात टाकली.

त्यानंतर सगळ्यांनीच चाव्या खिशात टाकल्या, दुसरा इलाजही नव्हता. गाड्या एकामागून एक वळायला लागल्या. लुधियानाचा माणूस मात्र तिथंच उभा होता. त्यानं मला विचारलं की मोटारसायकलवर लुधियानाला पोचायला माणसाला किती दिवस लागतात. मी सांगितलं, आठ तरी. गाडीच्या खिडकीतून त्याची बायको म्हणाली, "थंडीत येऊ नका म्हनावं त्यास्नी. आन् आलेच, तर सुटर आनू नका, आमच्यात हायत."

त्यानं ते मला लिहून घ्यायला सांगितलं.